मुलांचा जादूचा प्रयोग कधी थांबवायचा? वेळेचं, गर्दीचं आणि शेवटच्या पाच मिनिटांचं गणित

परभणी जिल्ह्यात मुलांसाठी जादूचे प्रयोग होतात ते मुख्यतः शाळेत, गणेशोत्सवाच्या किंवा जत्रेच्या मंडपात आणि अलीकडे वाढदिवसाच्या हॉलमध्ये. शाळेतला प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जादूगार पेटारा घेऊन येतो, मुख्याध्यापकांशी बोलणं होतं, दर मुलामागे किती पैसे घ्यायचे ते ठरतं आणि मुलं सतरंजीवर बसतात. खेळ किती वाजता सुरू होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो किती वाजता संपणार, मध्येच काही झालं तर कोण थांबवणार आणि मुलं बाहेर कशी पडणार, हे बहुतेक वेळा कोणीच ठरवलेलं नसतं.

या ठरवण्याला जिवाचं महत्त्व आहे. मुलांच्या जादूच्या कार्यक्रमाच्या इतिहासातली सर्वांत मोठी दुर्घटना खेळ चालू असताना घडलेली नाही. खेळ संपल्यानंतर, बक्षिसं वाटताना ती घडली.

थोडक्यात उत्तर काय?

मुलांचा जादूचा प्रयोग तीन कारणांनी थांबतो. पहिलं, ठरलेली वेळ झाली. दुसरं, मुलांचं लक्ष किंवा ताकद संपत आली. तिसरं, धोका निर्माण झाला. पहिल्या वेळी खेळ नेहमीप्रमाणे संपवायचा, दुसऱ्या वेळी तो आटोपता घ्यायचा आणि तिसऱ्या वेळी जिथे असेल तिथे बंद करायचा. हे तीन निर्णय वेगवेगळे आहेत. तिन्ही कोणी घ्यायचे हे खेळ सुरू होण्याआधी ठरलेलं असावं लागतं. शेवटचं मूल सुखरूप बाहेर पडेपर्यंत कार्यक्रम संपला असं समजायचं नाही.

१८८३ मध्ये संडरलँडला काय झालं?

१६ जून १८८३, शनिवार. इंग्लंडमधल्या संडरलँड शहरातल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादू आणि बाहुल्यांचा खेळ होता. अलेक्झांडर फे हे जादूगार आणि त्यांची बहीण तो सादर करत होते. सुमारे २,००० मुलं आली होती. त्यातली ११०० च्या आसपास वरच्या गॅलरीत होती. सोबत मोठी माणसं फारच थोडी होती.

ठरावीक क्रमांकाचं तिकीट असलेल्या मुलांना बाहेर पडताना बक्षीस मिळेल, असं जाहीर झालेलं होतं. खेळ संपत आला आणि रंगमंचावरून खालच्या मुलांना भेटवस्तू वाटायला सुरुवात झाली. आपल्याला काही मिळणार नाही, या भीतीने वरची मुलं जिन्याकडे धावली. जिन्याच्या तळाचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते खिळीने अडकवलेलं होतं. पुढची मुलं दारात अडकली. मागच्यांना ते दिसत नव्हतं, ती येतच राहिली. त्या जिन्यात ३ ते १४ वयाची १८३ मुलं गुदमरून गेली.

दार कोणी अडकवलं हे चौकशीत निष्पन्न झालं नाही. पण पुढे सार्वजनिक सभागृहांची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत, हा आग्रह धरला गेला. ढकललं की उघडणारा आडवा दांडा आज मॉलच्या आणि चित्रपटगृहांच्या आपत्कालीन दारांवर दिसतो. त्याच्या सुरुवातीच्या पेटंटपैकी एक रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांना १८९२ मध्ये मिळालं. त्यामागे हीच घटना होती, असं मानलं जातं.

या घटनेत जादू चुकली नव्हती आणि आगही लागली नव्हती. एकाच दाराकडे, एकाच वेळी, काहीतरी मिळवण्यासाठी मुलं निघाली, एवढंच घडलं. आपल्याकडे कार्यक्रम संपल्यावर दारात उभं राहून चॉकलेट, पेन्सिल किंवा खाऊ वाटायची पद्धत आहे. तो क्षण या घटनेच्या फार जवळचा आहे.

खेळ किती वेळाचा असावा?

मुलांसाठी खेळ करणारे कलाकार वयानुसार ढोबळ हिशोब धरतात. अंगणवाडी आणि बालवाडीच्या मुलांसाठी २० ते ३० मिनिटं. पहिली ते चौथीसाठी ३० ते ४५ मिनिटं. पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी ४५ मिनिटं ते एक तास. सगळी शाळा एकत्र बसली असेल तर हिशोब लहान मुलांचा धरायचा. मोठी मुलं लवकर संपलेला खेळ सहन करतात, लहान मुलं लांबलेला खेळ सहन करत नाहीत.

हा हिशोब शाळेच्या तासिकेशी जुळणारा आहे. साधारण ३५ ते ४० मिनिटं एका जागी बसायची मुलांना सवय असते. त्यापुढे पाय अवघडतात, पाणी आठवतं, लघवीला जायचं असतं.

शहरातल्या नाट्यगृहात तिकीट काढून होणारे प्रयोग याहून बरेच लांब असतात. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे (१९२४ ते १९८४), यांनी असे प्रयोग महाराष्ट्रभर लोकप्रिय केले. नंतर विजय रघुवीर आणि जितेंद्र रघुवीर या पुढच्या पिढ्यांनी ते चालू ठेवले. पण तिथे खुर्च्या असतात, पंखे असतात, मध्यंतर असतं आणि मूल आईवडिलांच्या शेजारी बसलेलं असतं. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर बसलेल्या २०० मुलांना ते माप लावता येत नाही.

वेळ ठरवायची कशी? शेवटाकडून मागे मोजा

सुरुवातीची वेळ धरून पुढे मोजलं की शेवट हमखास लांबतो. उलट मोजणी जास्त कामाची.

समजा पाथरी किंवा जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत पहिली ते सातवीची २०० मुलं आहेत आणि शाळा ५ वाजता सुटते. काही मुलांना घंटा झाल्याबरोबर एसटीची ठरलेली फेरी गाठायची असते. ती चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर थांबावं लागतं. मग हिशोब असा होतो:

४:५० - सगळी मुलं वर्गात, दप्तर आवरून, मोजदाद झालेली.
४:३५ - एकेक वर्ग उठवून बाहेर पाठवायला सुरुवात.
४:३० - शेवटचा खेळ संपला. आभार आणि सूचना.
३:४५ - पहिला खेळ सुरू.
३:३० - मुलांना बसवायला सुरुवात.

जादूगाराला सांगायची वेळ ४:३० ही आहे. “शाळा सुटेपर्यंत चालू द्या” असं सांगितलं की त्याच्या डोक्यात ५ ची वेळ बसते आणि मुलं पळत सुटतात.

लाईट गेली, माईक बिघडला, पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि खेळ ४ वाजता सुरू झाला, तरी शेवट ४:३० लाच. सुरुवात सरकली म्हणून शेवट सरकवायचा नाही. त्यासाठी कोणते खेळ गाळता येतात हे जादूगाराला आधीच माहीत असावं लागतं.

अनुभवी कलाकार आपला कार्यक्रम तुकड्यांत बांधतात. सुरुवातीचे दोन आणि शेवटचा एक खेळ पक्का असतो. मधले चार-पाच खेळ असे असतात की त्यातला कुठलाही गाळला तरी कोणाला कळत नाही. रुमालाचा रंग बदलणं, दोरी कापून जोडणं, रिकाम्या डब्यातून फुलं काढणं हे दोन-तीन मिनिटांचे खेळ मध्ये ठेवायला बरे पडतात. मांडणीला वेळ लागणारा मोठा खेळ शेवटी ठेवला आणि त्याच वेळी घड्याळ संपलं, तर दोनच वाटा उरतात: घाईत करायचा किंवा अर्ध्यावर सोडायचा. दोन्ही वाईट.

पी. सी. सरकार यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला ‘वॉटर ऑफ इंडिया’ हा खेळ इथे उदाहरण म्हणून पाहता येतो. एक लोटा रिकामा केला जातो. दोन खेळ झाले की पुन्हा त्यातून पाणी निघतं, आणि असं कार्यक्रमभर चालतं. वरवर ही गंमत आहे. पण त्यामुळे दर काही मिनिटांनी कलाकाराला एक थांबा मिळतो. अशा कुठल्याही थांब्यावर कार्यक्रम संपवला तरी तो तुटल्यासारखा वाटत नाही.

मुलं कंटाळली हे कसं ओळखायचं?

मुलांच्या कार्यक्रमात आवाज असतोच. गोंगाट म्हणजे कंटाळा नव्हे. गोंगाट कुठल्या दिशेने आहे ते पाहायचं.

मुलं गुडघ्यावर उभी राहतात, पुढे सरकतात, “दाखवा, हात दाखवा!” म्हणून ओरडतात, तेव्हा ती खेळात असतात. त्यांना खाली बसवायचं, खेळ थांबवायचा नाही. मुलं एकमेकांकडे वळतात, सतरंजीचे धागे ओढतात, मागे वळून दाराकडे पाहतात, एकामागून एक लघवीला जायला विचारतात, तेव्हा ती खेळातून बाहेर गेलेली असतात. एखाद्याच रांगेत असं होत असेल तर त्या रांगेला कदाचित दिसत नसेल. तीन-चार रांगांत होत असेल तर पाच मिनिटांत खेळ आटोपता घ्यावा.

सगळ्यात लहान मुलं सगळ्यात आधी सांगतात. पुढच्या रांगेतलं पहिलीतलं मूल पेंगायला लागलं किंवा दोन-तीन मुलं रडायला लागली, तर मागची सातवीची मुलं टाळ्या वाजवत असली तरी वेळ झालेली असते.

“आणखी एक!” म्हटल्यावर काय करायचं?

कार्यक्रम रंगला की मुलं आणखी एका खेळाचा हट्ट धरतात. त्यात शिक्षकही सामील होतात. इथेच बहुतेक कार्यक्रम बिघडतात. चांगला शेवट झालेला असतो आणि त्यानंतर उरलासुरला एक खेळ दाखवला जातो. त्याला तेवढ्या टाळ्या पडत नाहीत. मुलांच्या लक्षात मात्र तोच राहतो.

यावर कलाकारांचा जुना उपाय आहे. खरा शेवटचा खेळ हातात राखून ठेवायचा. त्याआधीच्या खेळाला “आता संपलं” असं भासवायचं आणि मुलांनी मागणी केली की राखलेला खेळ करायचा. मागणी पुरी होते आणि वेळही पाळली जाते. त्यानंतर मात्र थांबायचंच. मुलांना अजून हवं असताना थांबलेला जादूगार पुढच्या वर्षी पुन्हा बोलावला जातो.

एखादा खेळ फसला तर?

खेळ फसणं हे कार्यक्रम थांबवायचं कारण नाही. पत्ता चुकला, कबुतर बाहेर आलं नाही, एखाद्या हुशार मुलाने “बाहीत आहे, बाहीत आहे!” म्हणून गुपित फोडलं, तर तो खेळ सोडून पुढचा घ्यायचा. मुलं हे पटकन विसरतात. फसलेला खेळ तीनदा करून पाहणारा जादूगार मात्र त्यांच्या लक्षात राहतो.

मंचावर बोलावलेलं मूल घाबरलं, तर तो खेळ तिथेच सोडायचा. मान कापायचा देखावा, पेटीत बंद करणं, डोळ्यांवर पट्टी बांधणं अशा खेळांत हे होतं. मुलाची समजूत घालत खेळ रेटायचा नाही. त्याला टाळ्या देऊन शिक्षकांकडे सोडायचं आणि लगेच हसवणारा, हलका खेळ घ्यायचा. मूल रडत खाली गेलं आणि कार्यक्रम तिथेच संपला, तर त्या मुलाला पुढे कित्येक दिवस वर्गात चिडवलं जातं. म्हणून अशा प्रसंगानंतर निदान एक आनंदाचा खेळ होऊ द्यावा.

लगेच कधी थांबवायचं?

काही प्रसंगी पाच मिनिटंही थांबायचं नसतं:

- धूर, जळका वास, वायरमधून ठिणगी.
- वादळी वारा सुटून मंडपाचं कापड किंवा पत्रे हलायला लागले.
- मुलांची ढकलाढकली सुरू झाली, कोणी खाली पडलं.
- एखादं मूल भोवळ येऊन पडलं किंवा उलट्या करायला लागलं.
- झाडाखाली खेळ चालू असताना मधमाश्यांचं मोहोळ उठलं.
- जादूगार किंवा त्याचा सहायक ठरलेल्या खुणेला प्रतिसाद देत नाही.

आगीच्या बाबतीत डबवालीची आठवण ठेवायला हवी. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत एका शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मंडपाला आग लागली आणि ४०० हून अधिक माणसं गेली. त्यात मोठ्या संख्येने मुलं होती. कृत्रिम धाग्याचं कापड आणि बाहेर पडायला अपुरी वाट ही कारणं पुढे आली. कापडी मंडपात पेटत्या मशालीचे किंवा आगीचे खेळ ठेवूच नयेत, हा त्यातला सोपा धडा.

परभणीत उन्हाळाही हिशोबात धरावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जाणं इथे नेहमीचं आहे आणि पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरपेक्षा जास्त उकडतं. फेब्रुवारीनंतरचे खेळ सकाळीच घ्यावेत आणि पाणी जवळ ठेवावं. दोन मुलांचं डोकं दुखायला लागलं किंवा गरगरायला लागलं, तरी आटोपतं घ्यावं. मूल कोसळलं, बरळायला लागलं किंवा अंग तापलेलं असूनही घाम येत नसेल तर सावलीत नेऊन अंग ओलं करावं आणि १०८ ला फोन करावा. डिसेंबर-जानेवारीत उलट परिस्थिती असते. याच काळात शाळांची स्नेहसंमेलनं होतात. परभणीचा रात्रीचा पारा तेव्हा अनेकदा एक आकडी असतो. नाचाच्या पातळ कपड्यांत बसलेली मुलं रात्री उशिरापर्यंत उघड्यावर बसवू नयेत.

प्रेक्षकांना अपघात ओळखू येत नाही

जादूच्या खेळाची एक खास अडचण आहे. इथे जे काही घडतं ते खेळाचाच भाग आहे, असं प्रेक्षक समजतात.

१५ एप्रिल १९८४ ला लंडनमधल्या हर मॅजेस्टीज थिएटरमधून टीव्हीवर थेट कार्यक्रम चालू होता. टॉमी कूपर हे विनोदी जादूगार मंचावर कोसळले. त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. पडणं हाही विनोदाचाच भाग समजून प्रेक्षक हसत राहिले. कूपर वाचले नाहीत.

१६ जून २०१९ ला कोलकात्याचे जादूगार चंचल लाहिरी हातपाय बांधून हुगळी नदीत उतरले. ते वर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला.

म्हणून थांबवण्याची खूण खेळाच्या आवाजापेक्षा वेगळी हवी. संगीत बंद, सगळे दिवे चालू आणि माईकवर शिक्षकांचा आवाज. जादूगार स्वतः “थांबा, थांबा!” म्हणाला तर मुलं हसतील. तेच वर्गशिक्षक म्हणाले तर ऐकतील. “आग लागली, पळा” असं ओरडायचं नाही. “चौथीचा वर्ग उभा राहा, माझ्यामागे चला” असं सांगायचं.

अर्ध्यावर थांबवलं तर काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण भारतीय जादूगाराचंच आहे. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात पी. सी. सरकार यांनी १७ वर्षांच्या दीप्ती डे या सहायक मुलीला करवतीने मधोमध कापण्याचा खेळ केला. करवत फिरली. सरकार यांनी तिचे हात चोळले, पण ती हलली नाही. त्यांनी तिचा चेहरा कापडाने झाकला. इतक्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी यांनी पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. मुलगी मेली असं समजून लोकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. मुलगी सुखरूप होती, कार्यक्रमाची वेळ संपली होती. हा शेवट सरकार यांनी मुद्दाम असा जुळवला होता, असं जादूच्या क्षेत्रात मानलं जातं. त्यांना त्यातून अफाट प्रसिद्धी मिळाली.

मोठ्यांसाठी तो प्रसिद्धीचा डाव ठरला. मुलांसमोर असं करता येत नाही. पेटीतला सहायक, झाकलेलं कबुतर, कापलेला रुमाल, जे काही ‘नाहीसं’ किंवा ‘कापलेलं’ आहे ते सुखरूप दाखवल्याशिवाय मुलांना घरी पाठवू नये. धोक्यामुळे खेळ तोडावाच लागला, तर सगळे बाहेर पडल्यावर सहायकाने मुलांसमोर येऊन हात हलवावा. लहान मुलं रात्री त्याचाच विचार करत झोपतात.

थांबवायचा अधिकार कोणाचा?

दोघांचा. खेळ कसा संपवायचा हे जादूगार ठरवतो. संपवायचा की नाही हे मुलांची जबाबदारी असलेली व्यक्ती ठरवते. शाळेत ते मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेले शिक्षक, मंडळात कार्यकर्ता, वाढदिवसाला घरचं मोठं माणूस. ही व्यक्ती मागे दाराजवळ उभी राहते, कारण तिथून सगळी मुलं दिसतात. जादूगाराला डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशामुळे मागच्या रांगा नीट दिसत नाहीत.

दोन खुणा ठरवलेल्या पुरतात. एक हात वर म्हणजे पाच मिनिटांत आटोपा. दोन्ही हात वर म्हणजे आत्ता थांबा. दुसऱ्या खुणेवर जादूगाराने वाद घालायचा नाही.

पैशाचं आधी बोलून ठेवलं तर हा निर्णय सोपा होतो. गावोगावच्या शाळांत फिरणाऱ्या कलाकाराचं पोट या खेळांवर असतं. त्याच दिवशी दुसऱ्या गावातही खेळ ठरलेला असू शकतो. ऊन, पाऊस किंवा लाईट यांमुळे खेळ अर्ध्यावर थांबला तर पूर्ण पैसे मिळणार की अर्धे, हे आधी ठरलेलं नसेल तर तो खेळ रेटत राहतो. वेळेवर थांबल्याबद्दल कलाकाराचे पैसे कापणारी शाळा पुढच्या वेळी उशिराच थांबणारा कलाकार तयार करते.

कायदा काय सांगतो?

शाळेच्या हॉलमधल्या दुपारच्या खेळाला फारशी अडचण नसते. पण गणेशोत्सव, उरूस किंवा जत्रेतल्या उघड्यावरच्या कार्यक्रमाला २००० सालचे ध्वनी प्रदूषण नियम लागू होतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी राज्य सरकार ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. मुलांच्या कार्यक्रमासाठी मात्र १० ही सुद्धा उशिराचीच वेळ आहे.

कबुतर, ससा असे प्राणी खेळात वापरायचे असतील तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील २००१ चे नियम लागू होतात आणि नोंदणी लागते. प्राणी धापा टाकत असेल तर त्याचा खेळ तिथेच बंद करावा.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मनोरंजनाच्या जादूविरुद्ध नाही. अंगात दैवी शक्ती असल्याचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं आणि घाबरवणं याविरुद्ध तो आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते स्वतः हातचलाखीचे प्रयोग करून त्यामागचं विज्ञान सांगतात.

शेवटची पाच मिनिटं कशी असावीत?

शेवटच्या खेळानंतर जादूगाराने तीन गोष्टी सांगाव्यात. यात मंत्र नाही, सराव आणि हातचलाखी आहे. आग, ब्लेड, दोरी किंवा पेटी यांचे खेळ घरी करून पाहायचे नाहीत. आणि आता शिक्षक सांगतील तसं उठायचं. आधी रंगवलेल्या गुपिताची मजा या पहिल्या वाक्याने जात नाही. उलट एखादा ‘बाबा’ गावात येऊन हातातून अंगारा काढतो, तेव्हा मुलांना हे वाक्य आठवतं.

मग बाहेर पडणं. दाराजवळचा वर्ग आधी, मंचाजवळची लहान मुलं त्यांच्या बाईंसोबत शेवटी. एक वर्ग दाराबाहेर गेला की दुसरा उठवायचा. दाराची दोन्ही फाटकं खेळ सुरू होण्याआधीच उघडून अडकवलेली असावीत. चपलांचा ढीग दारात नसावा, कारण मुलं आपली चप्पल शोधायला वाकतात आणि मागची त्यांच्यावर येतात. मोबाइलवर व्हिडिओ काढायला पुढे आलेल्या पालकांनाही वाट मोकळी करायला सांगावं.

खाऊ, पेन्सिल, बक्षीस काहीही दारात वाटू नये. मंचावरून मुलांच्या अंगावर फेकू तर नयेच. मुलं वर्गात जाऊन बसली की तिथे वाटावं. आणि सगळ्यांना मिळणार आहे, हे आधीच सांगून ठेवावं. संडरलँडच्या मुलांना ती खात्री नव्हती.

खेळ सुरू होण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. शेवटचा खेळ किती वाजता संपणार? आकडा सांगा.
२. उशीर झाला तर कोणते खेळ गाळणार?
३. थांबवायची खूण कोण देणार आणि कुठे उभं राहणार?
४. दारं किती, कुठल्या बाजूला उघडतात, आत्ता उघडी आहेत का?
५. खेळ अर्ध्यावर थांबला तर पैशाचं काय?
६. खाऊ कुठे वाटणार?

ही उत्तरं घ्यायला पाच मिनिटं लागतात. जादूगार पेटारा उघडून सामान मांडत असतो तोवर ती मिळून जातात.